पलटणीचे बटाटे

पहिल्या वर्षी बर्निस कुब्लिकने सगळं रीतसर केलं होतं. खुर्ची, टेबल, पाण्याचा पेला आणि टेबलाच्या मधोमध नवा कोरा टेपरेकॉर्डर. दुसऱ्या महायुद्धात मिलर्स फोर्ड गावाहून इटलीच्या डोंगरांत लढायला गेलेले म्हातारे एकेक करून इस्त्रीचे शर्ट घालून आले, यंत्रासमोर ताठ बसले, नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि घसा खाकरून गप्प झाले. तिचा नवरा लेस्टर घरी झोपेतसुद्धा बोलतो. त्यानेही तेवढंच सांगितलं, "डोंगर होता. थंडी होती. आणखी काय सांगू?"

बर्निस हिरमुसली. राजधानीतल्या कुणीतरी पलटणीचा जाडजूड इतिहास लिहिला होता, त्यात गावच्या तुकडीला अर्धं पान आलं होतं. उरलेलं आपण जपावं, एवढीच तिची इच्छा होती. पण माणसंच बोलेनात, तर जपायचं काय? शेवटी पलटणीच्या उद्याच्या मेळाव्याचं जेवण तरी होऊ दे म्हणून तिने बटाट्यांचं पोतं टेबलावर ओतलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक सुरी दिली.

तिसरा बटाटा सोलून व्हायच्या आत फ्लॉइड बेनिश म्हणाला, "लेस्टर, ती गाढवासारखी रडणारी तोफ आठवते का रे?" आणि मग कुणी कुणाला ऐकेना. बर्निसने सालींच्या ढिगात यंत्र ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं बटण दाबलं आणि म्हणाली, "हे चालू आहे बरं का. ज्याला नको असेल त्याने सांगावं." कुणी मानसुद्धा वर केली नाही.

तेव्हापासून दर सप्टेंबरात, मेळाव्याच्या आदल्या दिवशी, गावच्या राखीव फौजेच्या जुन्या इमारतीच्या तळघरात हा कार्यक्रम ठरलेला. पाच-सहा म्हातारे, बटाटे आणि यंत्र. पुढे हिवाळाभर बर्निस घरी बसून त्या फिती ऐकायची आणि कोण काय बोललं ते उतरवून काढायची. सगळे एकाच वेळी बोलत असायचे, पण तिला काही अडचण नव्हती. गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तिची उमर गेली होती, नुसत्या खोकण्यावरून ती माणूस ओळखायची. तिथला नियमही तिच्या अंगात मुरला होता. ऐकायचं सगळं, बोलायचं काही नाही. इतक्या वर्षांच्या फितींत तिचा आवाज जवळजवळ नव्हताच.

आणि आणखी एकाचा नव्हता. एमिल व्होंड्राचा.

एमिल खेचरांच्या तांड्यावर होता. वर डोंगरावर बसलेल्या तुकडीला दाणागोटा, पाणी आणि दारूगोळा पोचवायचं त्याचं काम. वरच्यांना एवढंच ठाऊक, की रात्री कधीतरी खेचरं येत आणि कधीकधी येत नसत. ती कशी येत, वाटेत काय होई, हे सांगणारा गावात आता एकटा एमिल उरला होता. तो दरवर्षी यायचा, सगळ्यांत जास्त बटाटे सोलायचा आणि निमूट घरी जायचा. बर्निसने विचारलं तर म्हणायचा, "वर गेलो. खाली आलो."

त्याला बोलायला लावायला फ्लॉइडने एकच वाट धरली होती, टोमण्यांची. लढाईच्या साली थँक्सगिव्हिंगच्या सणाला वरच्या तुकडीसाठी भाजलेली टर्की निघाली होती. पोचले नुसते बटाटे.

"एमिल, खरं सांग लेका," फ्लॉइड दरवर्षी विचारायचा, "तंगडी कुणी खाल्ली? तू की खेचराने?"

"खेचर गवत खातं, फ्लॉइड," लेस्टर म्हणायचा.

"म्हणजे यानेच! बघा, अजून पोट सुटलेलं आहे!"

एमिल हसायचा आणि पुढचा बटाटा उचलायचा.

या वर्षी मात्र बर्निसच्या जिवाला घोर लागला होता. एमिलने शेत पुतण्याला दिलं होतं आणि सोमवारी तो मुलीकडे अॅरिझोनाला कायमचा निघणार होता. शुक्रवारी दुपारी बटाटे सोलून झाले, फ्लॉइडचा टर्कीचा प्रश्न झाला, एमिल हसला, आणि बाकीचे बिअर प्यायला गेले. फितीवर पुन्हा एमिल नव्हताच.

कॉफीचा मोठा बंब उद्या उद्यानात न्यायचा होता. लेस्टरने तो गाडीत कसाबसा बांधून ठेवला होता. एमिलने जाता जाता एकदा बघितलं, पुढे गेला, मग परत आला.

"हे कुणी बांधलं?"

"लेस्टरने."

"तरीच." त्याने सगळी दोरी सोडली आणि नव्याने आवळायला घेतली. बर्निस दोरीचं टोक धरून उभी राहिली. त्याचे हात एका गाठीवरून दुसरीकडे जात होते, आणि दोरीकडे बघतच तो बोलायला लागला.

"टर्कीचे डबे असेच बांधले होते. कॉर्पोरल स्टॅल्टर पुढे होता. अर्ध्या वाटेवर एक मोडकं घर होतं, त्याच्या तळघरातून पोरं रडताना ऐकू आली. बायका होत्या, पोरं होती. कितीतरी दिवसांचे उपाशी. स्टॅल्टरने डबे उतरवले. शिपायाचं अन्न बाहेर देणं म्हणजे गुन्हा. तो म्हणाला, विचारलं तर आपणच खाल्ली म्हणायचं. आम्ही तसंच म्हटलं." त्याने गाठ ओढून पाहिली. "जानेवारीत तो गेला. मग सांगायचं राहिलंच."

यंत्र खाली तळघरात होतं. धावत जाऊन आणावं, असं बर्निसच्या फार मनात आलं. पण जोडलेल्या तारेत हात घातला की तार तुटते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! ती दोरी धरून उभीच राहिली. तो थांबल्यावर मग तिने विचारलं.

"एमिल, हेच खाली येऊन यंत्रासमोर सांगशील?"

"छे. त्याच्यासमोर माझी जीभ सुकते."

"मग हे तुझ्याबरोबर अॅरिझोनाला जाणार. स्टॅल्टरला कुणी ओळखणारसुद्धा नाही."

एमिलने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "तू सांग की. ऐकलंस ना आता? मी बसतो बाजूला."

एक्स्चेंजवरच्या बाईला दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडाने सांगायला लावणं म्हणजे पाद्र्याला पत्ते खेळायला बसवण्यासारखंच. तरी बर्निस एमिलला घेऊन खाली गेली, बटण दाबलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून लाजत सुरुवात केली.

"थँक्सगिव्हिंगच्या दिवशी एमिल व्होंड्रा आणि कॉर्पोरल स्टॅल्टर खेचरं घेऊन डोंगर चढत होते. पुढच्या खेचराच्या एका अंगाला टर्कीचे डबे होते—"

"एका अंगाला?" एमिल म्हणाला. "एका अंगाला ओझं लादलं तर खेचर दरीत जाईल. दोन्ही अंगांना. इकडे टर्की, तिकडे बटाटे."

"बरं, दोन्ही अंगांना. दुपारी ते त्या घराशी पोचले—"

"दुपारी कशाला? दुपारी निघालो असतो तर वरच्या जर्मनाने टिपलं नसतं का? अंधार पडल्यावर."

बर्निसची पहिली चूक खरीच होती. दुसरीही तशी खरीच. तिसरी मात्र तिने जाणूनबुजून केली. "स्टॅल्टर एमिलला बाहेर उभं करून एकटाच तळघरात उतरला."

"एकटा? अगं, डबे मी नेले खाली!" एमिलने खुर्ची पुढे ओढली. "जिना नव्हताच, शिडी होती, आणि तिची एक पायरी गेलेली. एका म्हातारीने आधी त्या डब्यावर हात ठेवला. खायला नाही, ऊब घ्यायला. गरम होता ना तो. मग तिने सगळ्या पोरांचे हात एकेक करून त्याच्यावर ठेवले. तोवर कुणी झाकण उघडलं नाही. आणि हे बघ, अगदी कोरा नाही मी. म्हातारीने एक पंख माझ्या तोंडात कोंबला. तो खाल्ला. तेवढं फ्लॉइडचं खरं आहे."

बर्निस केव्हाच गप्प झाली होती. एमिल बोलत राहिला. खेचरांची नावं, स्टॅल्टरचं शीळ घालणं, उतरताना शेपूट धरून चालायची युक्ती. फीत संपली तसा यंत्राचा खटका उडाला. एमिल दचकला, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "अरेच्चा. हे चालूच होतं की."

"तुझ्यासमोरच तर बटण दाबलं. ठेवू ना हे?"

"ठेव. स्टॅल्टरचं नाव नीट ऐकू आलंय ना, तेवढं बघ."

शनिवारी जेवणाआधी त्याच तळघरात तिने ती फीत सगळ्यांना ऐकवली. एमिल दाराशी उभा होता, टोपी हातात. म्हातारीने हात ठेवले त्या जागी लेस्टरने नाक शिंकरलं.

फीत संपली तसा फ्लॉइड लालबुंद होऊन उठला. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी तुला चोर म्हणतोय, आणि तू बटाटे सोलत बसलास? एकदा तरी माझ्या थोबाडीत द्यायची होतीस!"

"तुम्हाला मजा येत होती," एमिल म्हणाला. "आणि मलाही. दर वर्षी कुणीतरी टर्कीचं नाव काढायचं, मला स्टॅल्टर आठवायचा."

"स्टॅल्टरची शीळ मी ऐकलीय!" लेस्टर ओरडला. "वर ऐकू यायची. आम्हाला वाटायचं, जर्मनच आहे!"

"जर्मन शीळ घालतो का रे, मूर्खा?" फ्लॉइडने त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि बटाटे आले ते आम्ही खाल्लेच नाहीत, तूच तर—"

"मी? मी ते वाटले! विचार कुणालाही!"

"गप्प!" बर्निस ओरडली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. "सगळे गप्प बसा! कुणी एक शब्द बोलायचा नाही!"

पलटण जागच्या जागी थिजली. फ्लॉइडचं बोट लेस्टरच्या छातीवर होतं तिथेच राहिलं. बर्निसने घाईघाईने ऐकवलेली फीत काढली, खिशातली कोरी फीत वेष्टणातून सोडवली. नखाने प्लास्टिक सुटेना तसं दातांनी फाडलं. एमिल गुपचूप येऊन टेबलाशी बसला आणि यंत्र आपल्या बाजूला थोडं वळवून घेतलं. तिने झाकण लावलं, बटण दाबलं, चाकं फिरताहेत ना ते वाकून पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "आता भांडा."