तिसऱ्या मजल्यावरून क्युशू

बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा आमची जपानची तिकिटं काढून झाली होती. मी आणि माझी मैत्रीण जूनमध्ये क्युशूला जाणार होतो. क्युशू म्हणजे जपानच्या दक्षिणेचं बेट. तिथं जागोजागी जमिनीतून गरम पाणी वर येतं. दिवसभर डोंगरातून सायकल चालवायची आणि संध्याकाळी एखाद्या गावात थांबून त्या पाण्यात बसायचं, एवढाच बेत होता. जूनमध्ये तिकडे पाऊस असतो हे ठाऊक होतं. पण आम्ही दोघी दर रविवारी आरेच्या जंगलातून भर पावसात सायकल मारणाऱ्या, आम्हाला त्याचं काय.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला, पण ऐंशीला टेकलेल्या माणसाचं शरीर पुन्हा उभं राहायला तयार होईना. पलंगापासून कमोडच्या खुर्चीपर्यंत, तेही वॉकर धरून, एवढीच त्यांची मजल. आम्ही मुलुंडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ नागपूरला असतो, रोज न चुकता फोन करतो. ऑफिसनं मला घरून काम करायची परवानगी दिली. सकाळी एक मावशी येऊन बाबांची आंघोळ-नाश्ता करत. त्या दुपारी गेल्या की घरात आम्ही दोघंच.

"मी पण कॅन्सल करते," मैत्रीण म्हणाली.

"वेडी आहेस का? तू जा."

"एकटी?"

"तुझी आई पहाटे एकटी ट्रक पकडून मासळी आणायला जायची. तू विमान पकड."

ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आईचं नाव काढलं की तिला माघार घेता येत नाही. ती गेली.

जाण्याआधी तिनं मला एक स्टँड आणून दिला. मागचं चाक त्यावर चढवलं की सायकल जागच्या जागी चालवता येते. म्हणाली, "मी रोज व्हिडिओ पाठवते. तू समोर लावून चालव. आपण दोघीच चाललोय असं समज." मी सायकल हॉलमध्ये, बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी केली. दुसरीकडे जागाच नव्हती. त्यामुळे पेडल मारताना माझ्या समोर टीव्ही असे आणि पाठीमागे बाबा.

व्हिडिओ यायला लागले. बेप्पू नावाच्या गावात गटारांच्या जाळ्यांतून वाफ निघत होती, जणू सगळं गाव चुलीवर ठेवलंय. मग चढाचे रस्ते, दोन्हीकडे सरळसोट काळीहिरवी झाडं, हँडलवरच्या कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब. मधूनच तिचा धापा टाकणारा आवाज: "चढ बघ गं, वाट लागली माझी." मी इकडे गिअर जड करायचे. खिडकीबाहेर आमचा पाऊस, टीव्हीत तिचा. घाम मात्र माझाच, तो पुसायला वारा नव्हता. पहिल्या आठवड्यातच खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. छतातून घरघर येते म्हणाल्या. मग मी स्टँडखाली जुनी गादी घातली आणि त्यांच्या झोपेची वेळ टाळू लागले. घरात जागच्या जागी चालवायलाही वेळा ठरल्या.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची दुपार. तेव्हा तिचा फोन यायचा. पहिल्यांदा गरम पाण्याच्या कुंडात जाऊन आली त्या दिवशी ती हसू आवरत सांगत होती, "सगळ्या बायका नागड्या गं. आज्ज्या, पोरी, सगळ्या. कोणाला कशाची पडलेली नाही. मी टॉवेल घट्ट धरून बसले तर एक आजी आली, टॉवेल काढून घेतला आणि घडी करून माझ्या डोक्यावर ठेवला." फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकू न आल्यासारखं करून भिंतीकडे तोंड वळवलं.

एकदा मी पेडल मारत असताना ते मागून म्हणाले, "मी बारा महिने सायकलनं जायचो, मुलुंड ते मरोळ, पवईवरून. पावसात डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी. त्याला कोणी ट्रिप नाही म्हटलं."

"मग काय म्हणायचे?"

"ड्युटी."

मरोळच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर त्यांची उभी हयात गेली. मी पेडल थांबवलं नाही. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि मागे वळावंसं वाटलं नाही. त्या दिवसांत मला सारखं वाटायचं, की या घरात अडकलेली मी एकटीच आहे.

मग तिकडे पाऊस वाढला. कुरोकावा गावाच्या पुढे डोंगरातल्या एका छोट्या सराईत ती मुक्कामाला थांबली आणि सकाळी रस्ताच नव्हता. पुढे दरड कोसळलेली, मागचा पूल बंद. सराईत ती आणि मालकीणबाई, दोघीच. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्या दिवशी मैत्रीण मजेत होती. दुसऱ्या दिवशी तिनं व्हिडिओ पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा तिचा आवाज फाटलेला होता.

"मला घरी यायचंय यार. रात्रभर डोंगरातून दगड पडल्याचे आवाज येतात. ही बाई फक्त हसते आणि भात वाढते. कधी सोडतील कोणी सांगत नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलत होते. पलंगावरून बाबांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"काय गं, तिथं गरम पाणी आहे ना?"

"आहे काका."

"जेवण?"

"आहे."

"किती दिवस झाले अडकून?"

"तीन दिवस, काका."

"मी एप्रिलपासून आहे," बाबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. लेथवरचं काम किती झालं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "जेव. पाण्यात बस. रस्ता कोणीतरी उघडतंच."

फोन ठेवला. मी चहा टाकायला उठले तर ते म्हणाले, "मला खाली ने."

"कुठं?"

"खाली. गेटपाशी. रस्ता बघायचाय."

मी नको म्हणायला हवं होतं की नाही, मला आजही कळत नाही. मी वॉचमनला बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ घरी होते, तेही आले. हाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबांना बसवलं, चादरीनं बांधलं. चौघांनी चार बाजूंनी धरलं. पहिला जिना नीट पार पडला. वाटेत एकानं दार उघडून विचारलं, "काका, फिरायला?" बाबा चक्क हसले.

दुसऱ्या जिन्यावर खिडकीतून पाऊस आत आला होता आणि पायऱ्या ओल्या होत्या. वॉचमनची चप्पल सरकली. खुर्ची एका बाजूला कलली, फार नाही, पण बाबांनी कठडा दोन्ही हातांनी असा पकडला की सोडेचनात. डोळे घट्ट मिटलेले.

"काका, सोडा हात. धरलंय आम्ही."

"वर," ते म्हणाले. "वर घ्या."

"बाबा, दीडच मजला राहिलाय."

"वर."

आम्ही त्यांना वर आणलं. त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. पलंगावर निजवल्यावर ते भिंतीकडे वळले आणि पुढे कित्येक दिवस माझ्याशी गरजेपुरतंच बोलले. मीही सायकलवर बसले नाही. तिकडचा रस्ता उघडला, मैत्रीण आसो डोंगराच्या दिशेनं निघाली, तिचे व्हिडिओ पुन्हा येऊ लागले. मी ते लावले नाहीत. स्टँडवरच्या सायकलवर मावशी ओले टॉवेल वाळत घालू लागल्या.

जुलैत ती परत आली. विमानतळावरून घरी जाऊन, आंघोळ करून थेट आमच्याकडे. उन्हानं नाही तर पावसानं माणूस रापतो असं तिला बघून वाटलं. पिशवीतून तिनं कागदी पुडी काढली. तिथल्या झऱ्याच्या पाण्यातल्या क्षारांची पूड. तिथली माणसं घरच्या टबात टाकतात म्हणे.

आमच्याकडे टब कुठला. मी मोठं घमेलं आणलं, गीझरचं पाणी घातलं, पूड टाकली. पाणी दुधासारखं झालं आणि सडक्या अंड्याचा वास खोलीभर पसरला.

"हे असलं पाणी?" बाबांनी नाक मुरडलं. "आमच्या कारखान्यात ऑइल जुनं झालं की अशीच घाण यायची."

"काका, त्या सराईत मी रोज तीन-तीनदा बसायचे यात," ती खाली बसत म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं म्हणून. दुसरं करायला होतं काय?"

आम्ही दोघींनी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं आणि पाय पाण्यात सोडले. पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या. ती पायाशी बसून तिच्या चढांबद्दल, मालकीणबाईंबद्दल, शेवटी रस्ता उघडला तेव्हा दोघी कशा रडल्या त्याबद्दल सांगत राहिली. बाबा ऐकत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, "तू कधी जाणार आता?"

"बघू," मी म्हणाले. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

बाहेर पाऊस चालूच होता. पाणी कोमट होत आलं तसे ते म्हणाले, "अजून एक तांब्या घाल. कडक."