सोळा आठवडे आठात

माझ्या बायकोची अर्धमॅरेथॉन मी घालवली. नशिबाने घालवली असं मी नातेवाइकांना बरेच दिवस सांगत होतो, आणि ते खोटं होतं.

तेव्हा मी हिंजवडीतल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो. ऑफिसात पळण्याची साथ आली होती. जेवणाच्या सुट्टीत आधी फ्लॅटच्या दरांचा विषय निघायचा, आता बुटांच्या तळव्यांचा निघायला लागला. मीही नाव नोंदवलं, आणि त्याच भरात बायकोचंही. शर्यतीला सोळा आठवडे होते.

पळायचं तर आधी प्लॅन हवा. मी इंटरनेटवरून अकरा प्लॅन उतरवून घेतले आणि तुलनेसाठी शीट केलं. आठवड्याचे किलोमीटर, विश्रांतीचे दिवस, वयाला झेपणं, प्रत्येकाला गुण. एका रविवारी दोन प्लॅनना सारखेच गुण पडले, तेव्हा मी गुणपद्धतच बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या निवडीत आठ आठवडे गेले. तेवढ्या काळात मी एकदाही पळलो नव्हतो. पण शीट भरताना नवे बूट घालून बसत असे, पायाला सवय व्हावी म्हणून.

बायको कोथरूडमधल्या एका शाळेत मराठी शिकवते. ती पहिल्याच आठवड्यात टेकडीवर गेली. तिथे व्यायामाचे एक निवृत्त शिक्षक रोज सकाळी लोकांना पळवतात. सगळे त्यांना सर म्हणतात. तिने विचारलं, तर त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे चार ओळी लिहून दिल्या. आठवड्यातून चार दिवस पळा. शेजारच्याशी बोलता येईल इतकंच पळा. रविवारी थोडं जास्त. दुखलं की थांबा. तिने ते पाकीट फ्रिजला चिकटवलं आणि तसं वागायला लागली. आठ आठवड्यांत ती दहा किलोमीटर पळून येऊन, चहा टाकता टाकता टेकडीवरच्या बातम्या सांगायला लागली. मला तिसऱ्या मजल्यापर्यंत धाप लागत होती.

मला तिचा हेवा वाटत होता. पण तेव्हा मी त्याला काळजी म्हणत असे.

अंतिम प्लॅन सोळा आठवड्यांचा निघाला आणि हातात आठ उरले होते. ऑफिसात यावर उपाय ठरलेला असतो. गिऱ्हाईक मुदत निम्मी करतं, काम तेवढंच राहतं, आणि आपण शीटमध्ये दोन आठवडे एका रकान्यात बसवतो. मी तेच केलं. मग बायकोला म्हणालो की सर रविवारी फार तर चौदा किलोमीटर पळवतात आणि शर्यत एकवीसची आहे, वरचे सात कोण पळणार? शाळेबाहेर, केवळ स्वतःसाठी असं तिने पहिल्यांदाच काही हाती घेतलं होतं. ते अर्ध्यात सुटेल अशी तिला भीती होती. मला ती माहीत होती, आणि मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ती माझ्या प्लॅनवर आली.

सरांनी मला टेकडीवर गाठलं.

"साहेब, भाकरी लवकर हवी म्हणून आच दुप्पट केली तर काय होतं, ते घरी विचारून या."

मी म्हणालो, "सर, आम्ही ऑफिसात हे रोज करतो."

"तरीच," ते म्हणाले आणि पुढे पळत गेले.

माझ्या प्लॅनच्या तिसऱ्या आठवड्यात तिने नडगी दुखत असल्याचं सांगितलं. मी तिच्या रकान्यात पिवळा रंग भरला. आमच्याकडे हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष आहे, आणि लाल म्हणजे वरिष्ठांची बैठक. त्यामुळे लाल कुणीच भरत नाही. मेलेला प्रोजेक्टसुद्धा पिवळाच असतो. पाचव्या आठवड्यात ती कठड्याला धरून जिना उतरली.

"अहो, दुखलं की थांबा असं सरांनी लिहिलंय."

मी शीट बघून सांगितलं की विश्रांती परवा आहे.

ती त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पळाली. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी हाडाला पडलेली बारीक चीर दाखवली आणि दोन महिने पळणं बंद केलं.

शर्यतीला मी गेलो. निम्मं अंतर चाललो, पण पोहोचलो. ती रिक्षाने शेवटच्या वळणावर येऊन माझ्यासाठी लिंबू सरबताची बाटली घेऊन उभी होती. मी लोकांदेखत माझं पदक तिच्या गळ्यात घातलं. मला ते फार उदार वाटलं होतं. तिने ते काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे माझं नाही."

त्यानंतर मी माफी मागायला लागलो. घरी म्हणालो, चूक झाली. चार दिवसांनी म्हणालो, तुला विनाकारण त्रास झाला. मग ऑफिसातून फोनवर निरोप पाठवला, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. संध्याकाळी ती सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चूक झाली, त्रास झाला, खेद आहे. अहो, या तीन वाक्यांत करणारा कुठे आहे? पाचवीतली मुलंसुद्धा 'फुलदाणी फुटली' म्हणतात. त्यांना मी विचारते, कुणी फोडली?"

वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना अशीच वाक्यं पाठवत आलो होतो. दुसरी मला येतच नव्हती. दोन दिवस मी मनात जुळवाजुळव केली आणि रविवारी सकाळी, ती पाय स्टुलावर ठेवून भाजी निवडत असताना, समोर बसून म्हणालो, "सरांचा प्लॅन बरोबर होता. तू माझ्यापुढे गेलेलं मला बघवत नव्हतं, म्हणून मी तुला घाबरवून त्यातून बाहेर काढलं. पाय दुखतो म्हणालीस, तेव्हा मी तुला पळायला लावलं. तुझी शर्यत मी घालवली. मला माफ कर."