आईचे केस आणि धरणाचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आधी माझे केस गेले. मी सातवीची परीक्षा देऊन आले त्याच दिवशी आईनं मला मोरीत पाटावर बसवलं, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि शिवणाच्या कात्रीनं माझा पार बॉयकट करून टाकला. मला कुणी विचारलं नाही. कारण पाणी. त्या वर्षी कुठल्याही गोष्टीचं कारण विचारलं की पाणी हेच उत्तर मिळायचं, मग ती शेवया न करण्याची गोष्ट असो की पाहुण्यांना न बोलावण्याची.

आमचं घर आमच्या शहराच्या कडेला, सातारा परिसरात होतं. साताऱ्याशी त्या वस्तीचा संबंध फक्त नावापुरता. बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथं बाभळी होत्या, आणि महापालिकेची पाइपलाइन येत्या वर्षात येणार होती. ती पुढं बरीच वर्षं येत्या वर्षातच येत राहिली. आजूबाजूला बंगले झाले, मग तीन-तीन मजली इमारती झाल्या, प्रत्येकानं आपापलं बोअर मारलं आणि दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या बोअरमधून एकदमच धुरळा यायला लागला. मग टँकर. टँकरचा हॉर्न वाजला की आई हातातलं टाकून धावायची. बाबांना या घराबद्दल कुणी काही बोललेलं सहन होत नसे, म्हणून आम्ही बोलत नसू.

आईचे केस गुडघ्यापर्यंत होते. हे मी कौतुकानं सांगत नाही. आम्हा मुलांना त्यांचा त्रासच होता, भाजीत केस, साबणावर केस. पण बाबांचा त्यांच्यावर जीव होता. बाबांच्या घराण्यात पूर्वी भिक्षुकी, नंतर कारकुनी, आणि प्रेम वगैरे बोलून दाखवण्याची पद्धत कधीच नव्हती. त्यांनी उभ्या आयुष्यात या विषयावर एकच वाक्य उच्चारल्याचं मला माहीत आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती मान वर करेना, म्हणून मी वेणी बघूनच होकार दिला, असं. ते केस धुवायचे तर दोन बादल्या पाणी लागे. आई आधी आठवड्याला न्हायची, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. डोक्याला फडकं बांधून काम करायची आणि झाऱ्याच्या दांड्यानं डोकं खाजवायची. शेवटी तिनं एकदा जेवताना सांगून टाकलं की मेअखेर मी केस कापणार. बाबांनी भात मागितला.

बाबांचे एक होस्टेलचे मित्र धरणाकाठी शेती करायचे. पैठणच्या रस्त्यानं बिडकीन ओलांडून पुढं, मग उजवीकडं आत, नाथसागराच्या फुगवट्याला लागून त्यांचं गाव. दरवर्षी ते बोलवायचे आणि दरवर्षी बाबा बघू म्हणायचे. त्या वर्षी बाबांनी स्वतःहून फोन केला. आईला चार दिवस पाणी वापरू द्यावं आणि मग ती कात्रीचं विसरेल, असा त्यांचा हिशेब असावा. पाण्याच्या काठावर राहणाऱ्याला पाण्याची काय कमी, हे आम्हा शहरातल्या चौघांनाही अगदी उघड वाटत होतं.

इतकं उघड, की आईनं गाडीत घरातल्या सगळ्या गोधड्या कोंबल्या. दोन वर्षं त्या धुतल्या नव्हत्या. आमच्या मारुती आठशेत मागं मी, माझा धाकटा भाऊ आणि मधे आमच्या डोक्याच्या वर गेलेली गोधड्यांची गाठोडी. बिडकीनच्या पुढं दोन्ही बाजूंना कारखान्यांसाठी घेतलेली रानं मोकळी पडली होती, त्यांत दगड रोवलेले होते. समोरून टँकरमागून टँकर शहराकडं येत होते. बाबा प्रत्येक टँकरला समाधानानं साइड देत होते.

काका ओट्यावर उभेच होते. काकू आतून पदर सावरत आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज अंगणापलीकडं जाणारा.

“या वैनी, या. लई वाट बघायला लावली तुमी.”

गोधड्यांची गाठोडी बघून दुसरं कुणी असतं तर निदान भुवई उडाली असती. काकूंनी दोन गाठोडी स्वतःच काखेत मारली आणि म्हणाल्या, “बरं केलं आणल्या. इथं काय, धरण हाय की.”

जेवायला येसराची आमटी, ज्वारीच्या भाकरी आणि आमरस होता. वाटी रिकामी झाली रे झाली की काकू ती भरत, आणि नको म्हणणाऱ्याच्या हातावर रस ओतायलाही कमी करत नसत. जेवणानंतर काकू सुपारी कातरत असताना आईनं हसत हसत केसांचं सांगितलं. काकूंचा अडकित्ता थांबला.

“काय बोलायलात वैनी हे? सवाष्णीनं आसं बोलू नाय.”

“ताई, पाणीच नाही तर काय करू?”

“मी हाय ना इथं,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी आईला परसातल्या न्हाणीत दगडावर बसवलं आणि न्हाऊ घातलं. माहेरवाशिणीला घालतात तसं. आधी तेल मुरवलं, मग शिकेकाईचं कढवलेलं पाणी, मग तांब्यामागून तांब्या साधं पाणी. आईची आई मी जन्मायच्या आधीच गेली होती. आईला कुणी न्हाऊ घालतंय हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ती डोळे मिटून, गुडघ्यांवर हनुवटी टेकून माझ्याएवढी होऊन बसली होती, आणि मला तिचा थोडा हेवा वाटला. काकूंनी न्हाणीच्या मोरीखाली एक घमेलं लावलं होतं आणि ते भरलं की त्या लिंबाच्या आळ्यात नेऊन ओतत होत्या. मला वाटलं, लिंबाला शिकेकाई चांगली असेल. त्याच दिवशी गोधड्याही धुतल्या. आईनं एकेक गोधडी तीन-तीन पाण्यांतून काढली. दुपारी कुंपणावर वाळणाऱ्या गोधड्यांसमोर ती केस मोकळे सोडून बसली होती आणि बाबा उगीचच अंगणातून ये-जा करत होते. संध्याकाळी ती म्हणाली, पावसापर्यंत बघू या, नको कापायला. बाबांनी दोनदा चहा घेतला.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. आम्ही धरणाकाठी आलो होतो आणि धरण दिसत नव्हतं. भाऊ सारखा विचारायचा. काका म्हणायचे, “ह्ये काय, बांदापलीकडंच. उन्हं उतरू द्या.” उन्हं उतरली की म्हणायचे, आता चिलटं फार, सकाळी जाऊ. सकाळी काका शेताला चक्कर मारायला गेलेले असत, आणि काकू कुणाकडं तरी हळदीकुंकवाला. सकाळच्या पारी हळदीकुंकू कोण करतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भावानं भोकाडच पसरलं, तेव्हा आई आम्हाला घेऊन निघाली. बाबा पेपर वाचत बसले. बांध ओलांडला आणि समोर नुसता गाळ. वाळून तडकलेला, भेगांत पाऊल अडकेल असा. आम्हाला वाटलं, जरा पुढं असेल. चालत राहिलो. एक होडी कलंडून पडली होती, तिच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. मागं वळून पाहिलं तर गाव एवढंसं झालं होतं. मग कुठं लांब पाण्याची रेघ दिसली, आणि रेघेच्या अलीकडं काकांचा ट्रॅक्टर. त्याच्यामागं टाकी. जवळ गेलो तसं दिसलं की काकू गुडघाभर चिखलात उभ्या होत्या, बादली बुडवून काकांच्या हातात देत होत्या आणि काका ती टाकीत ओतत होते. त्या वर्षी धरण मृतसाठ्यात गेलं होतं, उरलेलं पाणी शहराला पिण्यासाठी राखलेलं, आणि काठावरच्या सगळ्या मोटारींची वीज तोडलेली. हे आम्ही पेपरात वाचलंही होतं. वाचून बरं वाटलं होतं.

काकू कपाळावरचा घाम दंडानं पुसायला वळल्या. त्यांच्या केसांत धुळीनं जट झाली होती. आम्ही आल्यापासून त्या न्हायल्या नव्हत्या, हे मला तेव्हा दिसलं.

आईनं आम्हा दोघांचे दंड धरले आणि फिरवलं. आम्ही कलंडलेल्या होडीच्या आडून परत आलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, “आपण काही पाहिलेलं नाही. घरात शब्द काढाल तर याद राखा.”

त्या दुपारी काकूंनी पुन्हा शिकेकाई कढवायला ठेवली. आईनं सांगितलं, मला सर्दी झालीय, आज न्हायला नको. झालं. काकूंनी काढा केला, ओव्याची धुरी दिली, तव्यावर फडकं गरम करून आईची छाती शेकली, आणि धुरीनं आईला खरंच शिंका यायला लागल्या तेव्हा काकूंचा जीव आणखी कासावीस झाला. आम्ही दुसऱ्या दिवशीच निघालो. बाबांना काही कळेना. बिडकीन मागं पडल्यावर आईनं त्यांना सांगितलं.

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, “त्यानं मला पत्ता लागू दिला नाही.”

“आणि आपल्याला पत्ता लागलाय हे त्यांना कळू द्यायचं नाही,” आई म्हणाली. “जिवाला लावून घेतील.”

इथं हे प्रकरण संपायला हवं होतं. पण त्या शनिवारी काकांचा फोन आला, स्टँडवर जा, एसटीनं डबा धाडलाय. बाबा धपाट्यांच्या आशेनं गेले आणि पायात वीस लिटरचा निळा कॅन धरून स्कूटरवरून परत आले. झाकणाला प्लॅस्टिक लावून सुतळी बांधलेली. कंडक्टर त्यांच्याच गावचा होता. वैनींच्या केसाला, असा निरोप होता.

पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आईनं फोन करून सांगितलं की आता आमच्याकडं टँकर नेमानं येतो, खरंच गरज नाही. काकू म्हणाल्या, टँकरचं पाणी खारं, त्यानं केस जातेत. आईला खरं कारण सांगता येत नव्हतं. ते सांगायचं म्हणजे तुम्हाला चिखलात उभं पाहिलंय, असं सांगायचं. काकांनी व्हय व्हय, बंद करतो, म्हणून शब्द दिला आणि शनिवारी कॅन आला. आई त्या पाण्यानं न्हायची आणि न्हाताना तिचा चेहरा शिक्षा भोगल्यासारखा असायचा. एकदा केस वाळवता वाळवता ती मला म्हणाली, “मला हे सोसत नाही गं.” मी बॉयकटवाली, मी काय बोलणार.

एका शनिवारी बाबा स्टँडवर गेलेले असताना आई आरशासमोर उभी राहिली आणि तिनं मानेपाशी वेणी धरून कापली. कात्री बोथट होती, वेळ लागला. अख्खा दुष्काळ तिनं ते केस फडक्यात बांधून सांभाळले होते आणि पाणी मिळायला लागल्यावर कापले. मी दारात उभी होते. तिनं मला मागची बाजू सारखी करायला सांगितली. मी केली, वाकडीच झाली, म्हणून तिनं ती आणखी आखूड करून घेतली.

बाबा कॅन घेऊन आत आले. त्यांनी आईकडं पाहिलं, मग कॅन सावकाश खाली ठेवला आणि चहा आहे का म्हणून विचारलं. आईनं चहा दिला.

“आता कळवा त्यांना,” ती म्हणाली. “केस नाहीत म्हणावं.”

बाबांनी फोन लावला. काका नुसतेच “आरं आरं” म्हणाले आणि त्यांनी फोन काकूंकडं दिला. काकूंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. आई दिवसभर अपराध्यासारखी वावरत होती, पण हलकीही झाली होती. आता त्या गाळातून कुणाला चालायला लागणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. तरी बाबा सवयीनं स्टँडवर चक्कर मारून आले, आणि दारात उभे राहिले ते पुन्हा कॅन घेऊन.

“आता कशाला?” आई जवळजवळ ओरडलीच. “सांगितलंत ना त्यांना?”

“मी कंडक्टरला तेच म्हणालो,” बाबा म्हणाले. “तो म्हणाला, मावशीनं सांगितलंय, केस काय, वाढतेत.”

आई उंबऱ्यावरच बसली. आधी तिला राग आला असावा, कारण ती काहीतरी बोलायला गेली, आणि मग तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आम्ही तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. बाबा सुतळीची गाठ सोडत बसले.

रडून झाल्यावर तिनं कॅन न्हाणीघरात नेला, पाटावर बसली आणि शिकेकाई मागितली. बोटभर केसांना वीस लिटर पाणी लागत नाही. तिनं ते सगळं वापरलं.