बंद घरांत चूल पेटवणारे नाना

आत्मारामनानांनी माझं घर राखलं, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, गेलेल्या माणसावर हा एवढा का चिडलाय. मी सातवीतून शाळा सोडून सुरतेला यंत्रमागावर कामाला गेलो, त्यामुळे लिहिताना धाकधूक होते... काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. नाना गेल्याचा निरोप कारखान्याशेजारच्या टेलिफोन बूथवर आला. गल्लीतल्या सुमनअक्का बोलत होत्या. साधा ताप, म्हणाल्या, पण दवाखान्यात जायला तयारच नव्हते. मी धुळ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

धुळ्यात गिरणीमागे आमची एका ओळीतली घरं. धाब्याची, म्हणजे वर लाकडी सरे आणि त्यांवर माती. दोन घरांत भिंत एकच. गिरणी बंद पडली तशी माणसं सुरतेला, भिवंडीला पांगली, दारांना कुलपं लागली. बंद घराच्या सऱ्यांना वाळवी लागते आणि एक धाबं बसलं की शेजारची भिंत घेऊन बसतं. तशी दोन घरं गेली, तेव्हा उरलेल्यांनी कंबर कसली. सरे बदलले, नवी माती चढवली, सुट्टीवर आलेल्यालाही घमेलं धरायला लावलं. नाना सगळ्यांच्या पुढे. एकटा जीव. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते; गिरणी गेली तरी आवाज जॉबरचाच राहिला. त्यांनी सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि रोज संध्याकाळी वेगळ्या घरात आपली भाकरी भाजायला लागले. चुलीचा धूर बसला की लाकडाला वाळवी शिवत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पण जेवायच्या वेळी नाना हवे असले की सगळी गल्ली हिंडावी लागे.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, असोद्याचे पाहुणे आपल्या मुलीसाठी माझं घर बघायला येणार होते. दिवाळीला मी स्वतः चुना मारून गेलो होतो. नेमकी माझी बस उशिरा पोचली. बघतो तर पाहुणे खाटेवर बसून डोळे पुसतायत, भिंती काळ्याकुट्ट, आणि नाना माझ्या चुलीत वांगी भाजतायत. मुलीच्या वडिलांनी जरा तिरकसच विचारलं, घर नक्की कोणाचं?

"घर यानं शे," नाना माझ्याकडे बोट करून आमच्या अहिराणीत म्हणाले, "धूर मना शे. बसा, भरीत खाईसन जा."

ते गेल्यावर मी तणतणत किल्ली मागितली. नानांनी लगेच काढून दिली. "ली जा. पन चूल कोन पेटाडी? सुरतमा बशीसन फुका मारशी का?"

सुरतेची गाडी पकडण्याआधी किल्ली परत त्यांच्या हातावर ठेवली. लग्न असोद्यालाच जमलं, पण शोभा, माझी बायको, अजून म्हणते की त्या भिंतीला कितीही चुना मारा, खालून नानांचा धूर दिसतोच.

पुढे सुरतेत प्लेगची साथ आली. शोभाला आणि तान्ह्या लेकीला घेऊन मिळेल त्या गाडीनं पळालो. वाटभर एकच घोर, धाबं जागेवर असेल ना? सुरतेहून आलेल्यांना दुसरं कोण दारात उभं करणार होतं? पोचलो तर नाना दार उघडून उभे. आत सरे कोरडे, खणखणीत. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, ते राहू दे, लेकराला धुरात निजवू नको. गल्लीतली माणसं लांबून बघत होती आणि हा म्हातारा आमच्या शेजारी मांडी घालून जेवत होता. मी म्हटलं, नाना, जरा तरी लांब बसा. त्यांनी कांदा मागितला.

आता नाना गेल्यावर सगळ्यांच्या किल्ल्या घ्यायला सुमनअक्कांनी माझ्यासमोर नानांचं घर उघडलं. चूल थंडगार, राखसुद्धा नाही. सगळ्या गल्लीत धूर करताना स्वतःच्या घराची पाळी त्यांनी कधी लावलीच नव्हती. मधल्या सऱ्यात मी बोट खुपसलं तर ते आत गेलं, भुसा डोक्यावर पडला. असा संताप आला... एवढं कळणारा माणूस आणि आपलंच घर दिसू नये? अक्का म्हणाल्या, आता कोणावर ओरडतोस, बाबा.

तुमच्यावरच, नाना. दिवाळीच्या सुट्टीत येतोय. तो सरा बदलीन आणि असेन तितके दिवस आमच्या भाकरी तुमच्या चुलीवर भाजीन. माझ्याकडून तुमच्या उपकारांची फेड व्हायची तर अशीच होईल, दर सुट्टीत थोडी थोडी, तुमच्या भिंती काळ्या होईस्तोवर.