नकाशाचे आठ गुण

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या रविवारी आमच्या घरात चार मोठ्या माणसांनी सातवीची जुनी परीक्षा दिली. परीक्षक वडील होते. पेपर शंभर गुणांचा, वेळ तीन तास. जागा गावातल्या घराचा ओटा. गाव हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारपासून जवळ आहे. मी वर्तमानपत्रातल्या नोकरीसाठी हिंगोलीत राहतो आणि सुटीच्या दिवशी गावी जातो.

परीक्षेचं कारण वहिनी होती. तिचं शिक्षण नववीत थांबलं, त्याच वर्षी तिचं लग्न झालं. आता तिची मुलगी इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी करते. वहिनी गावातल्या बचत गटाची सचिव आहे. आसपासच्या गावांतल्या गटांचं काम बघणाऱ्या ताईची जागा निघणार असं तिला कळलं होतं. त्या जागेला दहावी पास लागते. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याची मुदत संपत आली होती.

तिनं भावाला विचारलं. भाऊ शेती करतो. तो म्हणाला, "अण्णा व्हय म्हणले तर माझं काय न्हाई."

अण्णा म्हणजे आमचे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण गाव अजून त्यांना गुरुजीच म्हणतं. ते लगेच नाही म्हणाले नाहीत.

"आताची दहावी म्हंजे काय? आमच्या वेळची सातवी झालेलं पोरगं आताच्या दहावीवाल्याला शिकवील," ते म्हणाले. "मी जुना पेपर काढतो. पन्नास पाड. मग फॉर्मचं बघू."

"अन् न्हाई पडले तर?" वहिनीनं विचारलं. ती सासऱ्यांना मामा म्हणते.

"मग राहू दे. गुरुजीची सून दहावी नापास, असं गावानं म्हणावं काय?"

पुतणी त्या आठवड्यात गावी आली होती. तिला हे पटलं नाही. "आईची एकटीची काहून परीक्षा? सगळेच बसू," ती म्हणाली. वडिलांनी ते मान्य केलं. अशा रीतीनं वहिनी, भाऊ, पुतणी आणि मी असे चौघे बसलो.

वडिलांनी सातवीच्या जुन्या केंद्र परीक्षेच्या पेपरांतून प्रश्न निवडले होते. गणित, मराठी, विज्ञान आणि भूगोल. प्रश्न त्यांनी स्वतःच्या अक्षरात फुलस्केपवर उतरवून काढले होते. बसताना एकेकाच्या मध्ये दोन हात अंतर ठेवलं. मोबाइल आत देवघरात ठेवायला लावले.

गणितात असा एक प्रश्न होता: आठ मजूर एक शेत सहा दिवसांत निंदतात, तर बारा मजूर ते किती दिवसांत निंदतील? पुतणीनं 'क्ष' मानून उत्तर चार काढलं. वडिलांनी एक गुण कापला. रीत त्रैराशिकाची हवी होती. भावानं उत्तर पाच लिहिलं.

"पाच कसे?" वडिलांनी तपासताना विचारलं.

"मधी बाजार येतो न अण्णा. बाजाराच्या दिवशी कोण येतंय निंदायला? अन् बारा बाया एका टायमाला भेटतेत तरी कुठं?"

"प्रश्नात बाजार न्हाई."

"प्रश्न काढणाऱ्याला शेत नसंल."

पत्रलेखनात वसतिगृहातून वडिलांना पत्र लिहायचं होतं. पुतणीला तीर्थरूपांपुढे काय लिहायचं ते आठवेना. तिनं थेट मजकुराला सुरुवात केली आणि मायन्याचे दोन गुण गेले. विहिरीचं पाणी शुद्ध कसं कराल, या प्रश्नाला वहिनीनं ब्लिचिंग पावडर लिहिली. वडिलांच्या मनात तुरटी होती. थोडा विचार करून त्यांनी गुण दिले.

शेवटचा प्रश्न भूगोलाचा, आठ गुणांचा: 'तुमच्या जिल्ह्याचा नकाशा काढून त्यात तालुक्याची ठिकाणे व प्रमुख नद्या दाखवा.'

मी हिंगोलीचा नकाशा काढला. पाच तालुके, कयाधू, पूर्णा, वर पैनगंगा. बातमीदारीमुळे हे सगळे रस्ते पायाखालचे आहेत. पुतणीनं आणि भावानंही हिंगोलीच काढली. भावाची हिंगोली बटाट्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी निकाल लागला. मला एकसष्ट, पुतणीला अठ्ठावन्न, भावाला एकतीस. वहिनीला शेहेचाळीस.

वहिनीनं आपला पेपर मागून घेतला आणि ओट्याच्या कडेला बसून पहिल्यापासून वाचला. शेवटच्या पानावर ती थांबली. नकाशाला शून्य होतं. खाली लाल शाईत शेरा होता: 'हिंगोली जिल्ह्यातून गोदावरी वाहत नाही.'

"मामा, मी परभणीचा काढलाय."

"ते दिसतंय. तुमचा जिल्हा, असा प्रश्न आहे. तू राहतीस कुठं?"

"पण पेपर कवाचा हाये?"

पेपर हिंगोली वेगळी होण्याच्या आधीचा होता. १९९९पर्यंत हे सगळं परभणीतच होतं. वहिनीचं माहेर जिंतूर तालुक्यात. ती सातवीत असताना जिंतूर आणि हिंगोली एकाच जिल्ह्यात होते, आणि तिनं तसंच काढलं होतं. खाली गोदावरी, तिच्या काठानं गंगाखेड, मध्ये परभणी, डाव्या अंगाला जिंतूर, वर हिंगोली आणि कळमनुरी. सगळं बहुतेक जागच्या जागी होतं.

"सातवीचा पेपर सोडव म्हणले तुमी. मी सातवीतलीच होऊन बसले," ती म्हणाली. "जुना पेपर, मग उत्तर जुनंच बराबर. आता तुमचा पेपर जुना अन् उत्तर नवं, हे कसं?"

"लिहिणारी आज लिहून राहिली न?"

"मग आज आज करायचं, तर जुन्या पेपरात बसवलं काहून?"

भाऊ हसला. "अण्णा, ही पास झाली बघा. वकिलीत."

"तुम्ही गप बसा. एकतीसवाले," वहिनी म्हणाली.

बातमीला तारीख लागते. तारखेशिवाय बातमी छापली जात नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो. परीक्षेच्या प्रश्नाला मात्र तारीख नसते. मजूर आणि शेताच्या गणिताला तिची गरजही पडत नाही, बारा मजुरांना कधीही चारच दिवस लागतात. 'तुमचा जिल्हा' या दोन शब्दांचं तसं नाही. वेगळ्या वर्षी त्यांचं वेगळं उत्तर येतं. 'तुमचा' म्हणजे कोणाचा, हेही प्रश्नात लिहिलेलं नसतं. मुलीचा जिल्हा माहेरचा की सासरचा, हे तर कोणत्याच वर्षीच्या पुस्तकात नव्हतं.

वडिलांनी कोरा कागद घेतला. "ये इकडं. हिंगोली कशी काढायची ते दाखवतो," ते वहिनीला म्हणाले.

नकाशा काढायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. आधी सीमा काढायची नाही. आधी नदी काढायची, मग नदीला धरून जिल्हा उभा करायचा. सीमा पुसल्या तरी नदी जागेवर राहते, असं ते वर्गात सांगत. त्यांनी पेन्सिल कागदाच्या तळाशी टेकवली आणि डावीकडून उजवीकडे एक वळणदार रेघ ओढली. हात कुठंही थांबला नाही. रेघ कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचली.

"अण्णा, ही कोणती नदी?" पुतणीनं विचारलं.

वडिलांनी कागदाकडे पाहिलं. ती गोदावरी होती. वहिनीनंही तिथूनच सुरुवात केली होती.

भाऊ म्हशीला पाणी दाखवायला उठला. वडिलांनी रेघेच्या वर आणखी काही काढलं नाही आणि रेघ पुसलीही नाही. वहिनीच्या पेपरावरचं शून्यही त्यांनी बदललं नाही. बेरीज शेहेचाळीसच राहिली.

जेवणं झाल्यावर त्यांनी तिला हाक मारली.

"तुझा शाळा सोडल्याचा दाखला कुठंय?"

"माहेरच्या शाळेत असंल. कवा आणलाच न्हाई."

"फॉर्मला तो लागतो. उद्या सोमवार, शाळा उघडी राहील. एकटी गेलीस तर चार चकरा मारायला लावतील. मी येतो संगं."

"अन् पन्नास?"

"सकाळची पहिली गाडी धरायची," वडील म्हणाले. "लवकर नीज."

दोघं सोमवारी एसटीनं गेले आणि संध्याकाळी दाखला घेऊन परत आले. मुदत संपायच्या आत फॉर्म भरला गेला. मार्चमध्ये वहिनीनं दहावीची परीक्षा दिली. गणित सोडून बाकीचे विषय सुटले. गणितासाठी तिनं पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आहे. महिनाभरापासून रोज दुपारी वडील तिची गणितं घेतात. गणिताचा पहिला पेपर येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, औंढ्याच्या केंद्रावर आहे.