लव्हाळ्याच्या गाठी

नव्वदच्या दशकात लोणीत आमच्या कांद्याच्या रोपाचं नाव होतं. वाफ्यात गवताची काडी दिसली की मी उपटायची. एका हिवाळ्यात बरंच रोप उरलं. उरलेलं रोप विकायचं नाही, लेकीबाळींना द्यायचं, ही आमच्या घरची पद्धत. माझ्या धाकट्या नणंदेनं शिनोलीला नवा तुकडा सपाट करून घेतला होता. तिला दोन पोती रोप पाठवलं, मुळांच्या मातीसकट. वाटेत सुकायला नको, एवढाच विचार.

फाल्गुनात ऊन तापलं आणि रोप काढून रिकाम्या झालेल्या वाफ्यात लव्हाळा उगवला. उपटला, तर आठवड्यात पुन्हा तेवढाच. शेजारच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आलेला म्हातारा मेंढपाळ हे बघत होता. त्यानं एक काडी माझ्या बोटांत फिरवायला दिली. साध्या गवतासारखी गोल नव्हती, तीन धारांची होती. मग काठीनं वीतभर उकरलं. खाली दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी.

"वरचं उपटून काय व्हतंय, ताई? गाठ ऱ्हायली की रान गेलं."

मला शिनोलीचा तुकडा आठवला. आपल्या हातानं मी तिच्या नव्या रानात हे पाठवलं होतं. तिच्याकडे फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी मंचरला एसटी बदलून गेले आणि घरी पाणीसुद्धा न पिता आधी रान गाठलं. वाफ्यावाफ्यात बसून पाहिलं. कांदा जोमात, लव्हाळ्याचं पातं नाही.

तेव्हा कुठं तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली.

"मला वाटलं, वैनी, तुमी लोणीची जमीनच पाठवली. लई माती. टोपल्यात धुतलं आन् मग लावलं."

"धुतलेली माती कुठं टाकलीस?"

न्हाणीच्या मागं. तिथं सुपाएवढ्या जागेत लव्हाळा माजला होता. फुकट चारा म्हणून ती रोज कापून शेळीला घालत होती.

आम्ही दोघी पहार आणि खुरपं घेऊन बसलो. हातभर खोल माती काढून चाळणीनं चाळली, गाठी चुलीत घातल्या. तिची सासू ओट्यावरून विचारत होती, काय पुरलं व्हतं गं तिथं?

पावसाळ्यात दोनचार पाती पुन्हा आली. तीही तिनं गाठीसकट काढली. रानापर्यंत लव्हाळा पोचलाच नाही.