धंदा म्हणजे व्यापार

वेश्याव्यवसायाला कायद्यानं मान्यता द्यावी की नाही, या प्रश्नावर मला एक ढाल मिळालेली आहे. बसवकल्याणला शिक्षकांची वादविवाद स्पर्धा होती. मी 'द्यावी' या बाजूनं बोलले आणि पहिली आले. मला बोलायला आवडतं, आणि समोरचा चुकीचं बोलायला लागला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे अशा ठिकाणी माझं बरं जमतं.

काय बोलले ते अजून पाठ आहे. काम ते काम, मी म्हणाले. ज्या कामाला कागदावर नाव नाही, ते करणाऱ्या बाईला घरमालक नाडतो, गिऱ्हाईक नाडतं, आणि तक्रार करायला गेली तर तिथंही तिलाच दम मिळतो. आधी तिच्या कामाचं नाव कागदावर लिहा, लाज आपोआप गळून पडेल. विरुद्ध बाजूला आमच्या शाळेतले निवृत्तीला आलेले गुरुजी होते. ते म्हणाले, 'बाई, कागद झाला की गरिबाच्या पोरींना यात ढकलणाऱ्याला परवानाच मिळतो.' मी त्यांची अशी काही टर उडवली की सभागृह हसलं. गुरुजीही हसले. त्यांच्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, हे त्या हशात कुणाच्या लक्षात आलं नाही.

नंतर पंधरा-वीस दिवसांनी सरकारी पाहणीचं काम आमच्या गळ्यात पडलं. घरोघर जायचं, कुटुंबाची माहिती विचारायची आणि मोबाईलमध्ये भरायची. माझ्या वाट्याला जुन्या स्टँडमागची वस्ती आली. तिथल्या शेवटच्या घरात कोण राहतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. ते घर मी तीन दिवस शेवटाला ठेवलं.

चौथ्या दिवशी गेले. माझ्याच वयाची बाई होती, चाळिशी ओलांडलेली, केस नुकतेच धुतलेले. पत्र्याच्या दोन खोल्या माझ्या घरापेक्षा स्वच्छ होत्या. खाटेवर तिची म्हातारी आई बसली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी बसायच्या आधीच बाईनं चहाचं आधण ठेवलं.

"नको, मला उपास आहे," मी म्हणाले.

"उपासाला चहा चालतो की बाई. माझी अव्वा एकादशीलाबी पिते."

"माझा कडक असतो."

तो बुधवार होता आणि मला कसलाही उपास नव्हता. तिनं गॅस बंद केला. वस्तीतल्या बाकी सगळ्या घरांत मी चहा प्यायले होते, आणि ते तिनं दारातून पाहिलं असणार.

नावं झाली, वयं झाली. मग 'उद्योग' आला. आमचं गाव कर्नाटकात, म्हणून फॉर्म कन्नडमध्ये, आणि कन्नडमध्ये उद्योग म्हणजे पोटापाण्याचं काम. आमच्या मराठीत उद्योग म्हटलं की निम्म्या वेळा नसते उद्योगच आठवतात. मी घाईत तोच शब्द तसाच उचलला आणि विचारलं, "उद्योग काय?"

ती हसली. "उद्योग? धंदा करते बाई. तुमाला काय ठावं न्हाई व्हय? जे हाय ते लिवा. खोटं लिवलं की पुना सरकारी माणूस दारात यायलाय, अन् मग दहा जण बघायलेत."

मी मोबाईलकडं बघितलं. शेती, मजुरी, नोकरी, व्यापार, इतर. 'इतर' दाबलं की खाली रिकामी जागा उघडायची आणि तिथं कामाचं नाव स्वतः टाईप करावं लागायचं. मी 'इतर' दाबलं. जागा उघडली. सभागृहात जो शब्द मी वीसेक वेळा खणखणीत आवाजात उच्चारला होता, तो माझ्या बोटातून उतरेना. अंगठा तसाच पडद्यावर राहिला. या फॉर्मखाली माझं नाव जाणार, वरचे साहेब तपासणार, हेच डोक्यात घोळत होतं. तिच्या लाजेचा मी विचारच केला नाही, कारण ती लाजतच नव्हती.

मी मागं गेले आणि 'व्यापार' दाबलं.

आमच्याकडं दुकानदाराला 'धंदा कसा चाललाय' असंच विचारतात. माझे सासरे खताच्या दुकानाला जन्मभर धंदाच म्हणत आले. धंदा म्हणजे व्यापार, भाषांतर अगदी बरोबर. परीक्षेत मी याला पूर्ण गुण दिले असते. वस्तीतून बाहेर पडताना तर आपण तिची अब्रू झाकली असंच मला वाटलं, आणि ते वाटणं घरी पोचेपर्यंत टिकलं.

दोन-तीन महिन्यांनी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. आत आली नाही. मीच गेले, आजूबाजूला बघत.

"बाई, माझं कार्ड बंद केलेत. रेशनवाला म्हणायलाय, तू व्यापारी हाईस, तुला गरिबाचं कार्ड कामून पायजे. मी कसली व्यापारी? अव्वाच्या डोळ्याचं आपरेशन हाय पुढल्या आठवड्यात बिदरला. कार्ड न्हाई तर ते घेत न्हाईत म्हणं."

तिला कन्नड वाचता येत नव्हतं. त्या दिवशी मी काय दाबलं ते तिला कळायची सोय नव्हती. पण ती माझ्याकडंच आली होती, म्हणजे हिशेब तिनं लावलेला होता.

"उद्या कचेरीत जाऊ," मी म्हणाले. "चूक झाली असेल, दुरुस्त करून घेऊ." 'माझी' हा शब्द मी गाळला. मराठीत तो गाळला तरी वाक्य नीट बनतं.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी रिक्षा थांबवून उभी. मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मला एक काम आहे, मागनं येते." काम काही नव्हतं. दुसरी रिक्षा केली आणि तिच्या मागोमाग शंभर पावलांवरून गेले.

कचेरीतला कारकून आमच्याच गल्लीतला, दर श्रावणात आमच्या घरी जेवायला येणारा. मला बघून उठून उभा राहिला. मग माझ्याशेजारी तिला बघितलं आणि बसला. त्यानं नोंद काढली.

"इथं व्यापार लिहिलंय. चुकीचं असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्यायला लागेल. पण व्यापार लिहिलं कुणी? पाहणीला कोण आलं होतं?"

पाहणीला मी आले होते. खिडकीशी आम्हा दोघींच्या मागं आणखी चार-पाच माणसं होती. 'मी लिहिलं, कारण खरं नाव लिहायची मला लाज वाटली' एवढंच बोलायचं होतं. ढाल मिळवून देणाऱ्या माझ्या जिभेला ते जमेना. मी पर्समध्ये पेन शोधायला लागले. पेन माझ्या हातातच होतं.

"मीच सांगितले साहेब," ती म्हणाली. "मला काय कळतंय? मागं भाजीची गाडी लावत होते चार दिस, ते सांगून बसले. बाईंनी मी सांगितलं तसं लिवलं, त्यांची चूक न्हाई."

भाजीची गाडी तिनं कधी लावली नव्हती. कारकुनानं मान हलवली. "मग आता काय लिहू?"

तिनं माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, क्षणभर वाट बघितली तिनं. मग म्हणाली, "धुणीभांडी लिवा."

त्यानं लिहिलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. कार्ड चालू झालं, म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशनही झालं असं नंतर कळलं. मी बघायला गेले नाही. मान्यता द्यावी की नाही, हे आता मला कुणी विचारलं तर मी गुरुजींचं नाव सुचवते. कायदा उद्या झाला तरी त्या कामाचं नाव लिहायला दारात माझ्यासारखीच कुणीतरी जाणार, एवढंच मला कळलंय.

त्या दिवशी कचेरीबाहेर मी तिला कसंबसं म्हणाले, "अक्का, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

तिनं पदर सारखा केला आणि रस्त्यावर कुणी आहे का बघून हळू आवाजात म्हणाली, "काळजी करू नगा बाई. तुमचं नाव मी कुठं घेत न्हाई."

हेच वाक्य तिनं आजवर किती माणसांना सांगितलं असेल, ते माझ्या मनात आलं. ती माणसंही अशीच खाली बघून 'बरं' म्हणाली असतील. मीही 'बरं' म्हणाले, आणि ती गेल्यावर वेगळी रिक्षा केली.